वायूच्या दाबाची एकके : रूपांतर, शून्यबिंदू आणि पठारावरील प्रयोगशाळा

प्रस्तावना

पदवीच्या प्रथम वर्षाच्या रसायनशास्त्रात वायू अवस्थेचे प्रकरण तुलनेने सोपे मानले जाते. बॉइल व चार्ल्स यांचे नियम विद्यार्थ्यांना कनिष्ठ महाविद्यालयापासून परिचित असतात. आदर्श वायूचे समीकरण तर तोंडपाठ असते. तरीही उत्तरपत्रिका तपासताना एक विसंगती वारंवार नजरेस येते. समीकरण अचूक, किंमती भरण्याची पद्धत अचूक आणि उत्तर मात्र शंभरपटीने चुकलेले. अशा ठिकाणी चूक बहुधा दाबाच्या एककात असते.

एककांचे रूपांतर म्हणजे कोष्टकातील एका संख्येने गुणणे किंवा भागणे, अशी समजूत अध्यापनातही रूढ आहे. वस्तुतः गुणाकार हा या विषयातील सर्वांत सोपा भाग होय. तो करण्यापूर्वी दिलेला दाब कोणत्या शून्यापासून मोजला आहे आणि ती संख्या प्रत्यक्ष मोजलेली आहे की केवळ संकेताने गृहीत धरलेली, हे ठाऊक असावे लागते. परीक्षेत या दोन बाबी सहसा विचारल्या जात नाहीत. प्रयोगशाळेत मात्र त्यांच्यावाचून पाऊल टाकता येत नाही. विशेषतः समुद्रसपाटीपासून उंचावर असलेल्या दख्खनच्या पठारावरील महाविद्यालयांत त्यांच्या विस्मरणामुळे प्रामाणिक विद्यार्थ्याचे अचूक निरीक्षणही चुकीचे ठरते. प्रस्तुत लेखात दाबाच्या एककांची घडण आणि त्यांचे परस्परसंबंध यांचा या दृष्टीने विचार केला आहे.

पाऱ्याच्या स्तंभापासून पास्कलपर्यंत

दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावर लंबदिशेने कार्य करणारे बल. एक चौरस मीटर क्षेत्रावर एक न्यूटन बल पडले की तो दाब एक पास्कल. हे एकक किती लहान आहे याची कल्पना साध्या उदाहरणाने येते. छपाईसाठी वापरला जाणारा, दर चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा एक कागद टेबलावर पसरला असता त्याचा टेबलावरील दाब सुमारे ०.८ पास्कल भरतो. हवेचा दाब याच एककात सुमारे एक लाख येतो. म्हणून व्यवहारात किलोपास्कल आणि हवामानशास्त्रात हेक्टोपास्कल वापरले जाते. हेक्टोपास्कल आणि जुना मिलिबार ही एकाच राशीची दोन नावे आहेत.

परंतु इतिहासाचा क्रम याच्या उलट आहे. पास्कल हे नाव आंतरराष्ट्रीय वजनमापे परिषदेने १९७१ मध्ये स्वीकारले. दाब मोजण्यास त्यापूर्वी सव्वातीनशे वर्षे प्रारंभ झाला होता आणि तो बल व क्षेत्रफळ मोजून नव्हे, तर उंची मोजून. टॉरिचेल्लीने १६४४ मध्ये रोममधील रिच्ची यास लिहिलेल्या पत्रात पाऱ्याने भरून उलट्या केलेल्या काचनळीचे वर्णन केले. नळीतील पारा सुमारे ७६ सेंटिमीटर उंचीवर स्थिरावतो आणि त्याला बाहेरील हवेचे वजन तोलून धरते, असा त्याचा आशय होता. हवेचे वजन असेल तर उंचावर गेल्यावर ते कमी झाले पाहिजे. ही परीक्षा १९ सप्टेंबर १६४८ रोजी पास्कलच्या सूचनेवरून त्याचा मेहुणा पेरिए याने फ्रान्समधील प्वी द दोम या डोंगरावर केली. पायथ्याच्या क्लेरमाँ गावातील पाऱ्याची उंची आणि माथ्यावरील उंची यांत तत्कालीन फ्रेंच मापाने तीन इंचांहून थोडा अधिक, म्हणजे सुमारे ८५ मिलिमीटरचा फरक आढळला. या डोंगराची उंची १४६५ मीटर असून महाबळेश्वरची उंची (सुमारे १३५० मीटर) त्याच्या जवळपास जाणारी आहे. या प्रयोगाचे महत्त्व पुढे पुन्हा येणार आहे.

‘पाऱ्याचा मिलिमीटर’ हे एकक अशा रीतीने उपकरणातूनच जन्मास आले. तथापि उंचीला दाब म्हणण्यात एक अडचण आहे. पाऱ्याच्या स्तंभाचा दाब उंची, घनता आणि गुरुत्वत्वरण या तिहींच्या गुणाकाराइतका असतो. यांपैकी घनता तापमानानुसार आणि गुरुत्वत्वरण स्थानानुसार बदलते. म्हणून पाऱ्याची घनता ० अंश सेल्सिअसची, दर घनमीटरला १३५९५.१ किलोग्रॅम आणि गुरुत्वत्वरण ९.८०६६५ हे प्रमाण मूल्य धरावे, असा संकेत ठरला. यावरून,

०.७६० × १३५९५.१ × ९.८०६६५ = १०१३२५ पास्कल

हीच संख्या १९५४ मध्ये दहाव्या वजनमापे परिषदेने ‘प्रमाण ॲटमॉस्फिअर’ची व्याख्या म्हणून निश्चित केली. त्या दिवसापासून ॲटमॉस्फिअर हे एकक पाऱ्यापासूनही मुक्त झाले आणि हवेपासूनही. तो आता केवळ एक अचूक आकडा आहे. त्याचा ७६० वा भाग म्हणजे टॉर. टॉर आणि पाऱ्याचा मिलिमीटर यांच्या व्याख्या भिन्न असल्या तरी त्यांतील फरक सत्तर लाखांत एक भाग इतका अल्प आहे. अध्यापनात हे दोन्ही समान मानण्यास काहीच हरकत नाही. या भेदावर एकगुणी प्रश्न विचारण्याची हौस मात्र आवरावी.

बार आणि १९८२ चा बदल

बार म्हणजे अचूक एक लाख पास्कल. ॲटमॉस्फिअरपेक्षा तो १.३ टक्क्यांनी लहान आहे आणि हे साम्यच घोटाळ्यास कारणीभूत होते. शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाने १९८२ मध्ये प्रमाण दाब म्हणून ॲटमॉस्फिअरऐवजी एक बार स्वीकारण्याची शिफारस केली. परिणामी प्रमाण तापमान व दाबास आदर्श वायूच्या एका मोलचे घनफळ २२.४१४ लिटरवरून २२.७११ लिटर झाले. वायू बदलला नाही, संकेत बदलला. एन.सी.ई.आर.टी.च्या अकरावीच्या पुस्तकाने बार स्वीकारला आहे. अनेक संदर्भग्रंथांत व प्रश्नसंचांत जुने २२.४ अद्याप टिकून आहे. एकाच वर्गात दोन मंडळांतून आलेले विद्यार्थी बसलेले असतात आणि दोघांचीही उत्तरे आपापल्या संकेतानुसार बरोबर असतात. प्रश्नपत्रिका काढणाऱ्याने ‘प्रमाण तापमान व दाब’ एवढेच न लिहिता दाबाचे मूल्य लिहिणे हाच यावरील न्याय्य उपाय होय.

उष्मागतिकी शिकविणाऱ्या अध्यापकांनाही या बदलाची दखल घ्यावी लागते. जुन्या कोष्टकातील वायूंच्या प्रमाण एन्ट्रॉपीच्या तुलनेत नव्या कोष्टकातील मूल्ये दर मोलला ०.१०९ ज्यूल प्रति केल्विनने अधिक असतात, कारण दाब कमी केल्याने एन्ट्रॉपी वाढते. एका कोष्टकातून अभिक्रियाकारकांची आणि दुसऱ्यातून उत्पादितांची मूल्ये घेतल्यास उत्तरात हा फरक शिरतो आणि त्याचे कारण सापडत नाही.

एक स्थिरांक, अनेक आकडे

वायू स्थिरांकाचे मूल्य विद्यार्थी ‘०.०८२१ किंवा ८.३१४’ असे पाठ करतात; जणू ते दोन वेगळे स्थिरांक आहेत आणि कोणता घ्यावा हे नशिबावर अवलंबून आहे. स्थिरांक एकच आहे. दाब ॲटमॉस्फिअरमध्ये आणि घनफळ लिटरमध्ये असता तो ०.०८२०६, दाब बारमध्ये असता ०.०८३१४, टॉरमध्ये असता ६२.३६ आणि किलोपास्कलमध्ये असता ८.३१४ असा दिसतो. यांतील शेवटची जोडी शिकविताना आवर्जून सांगण्यासारखी आहे. किलोपास्कल आणि लिटर यांचा गुणाकार म्हणजेच ज्यूल; त्यामुळे ऊर्जेच्या एककातील ८.३१४ हा आकडा घनफळ लिटरमध्ये ठेवूनही जसाच्या तसा वापरता येतो. प्रस्तावनेत उल्लेखिलेली शंभरपट चूक ८.३१४ सोबत दाब ॲटमॉस्फिअरमध्ये भरल्याने होते. ती नेमकी १०१.३ पट असते. शंभरपट चूक निदान डोळ्यांत भरते. ०.०८२१ आणि ०.०८३१ यांची अदलाबदल अधिक धोक्याची, कारण तिने उत्तर केवळ १.३ टक्क्याने हलते आणि कोणालाही संशय येत नाही.

रूपांतरासाठी प्रत्येक जोडीचा गुणक पाठ करण्याची आवश्यकता नाही. सर्व एकके एकदा किलोपास्कलमध्ये आणावीत आणि तेथून हव्या त्या एककात जावे. एक टॉर म्हणजे ०.१३३३२२, एक ॲटमॉस्फिअर म्हणजे १०१.३२५, एक बार म्हणजे १००, एक किलोग्रॅम-बल प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजे ९८.०६६५ आणि एक पौंड प्रति चौरस इंच म्हणजे ६.८९५ किलोपास्कल. हे पाच आकडे पुरेसे आहेत.

दाब कोणत्या शून्यापासून?

शेवटची दोन एकके रसायनशास्त्राच्या पुस्तकात क्वचित येतात. पण विद्यार्थ्याच्या भोवती तीच अधिक असतात. पेट्रोल पंपावर टायरमध्ये ‘३२ पौंड हवा’ भरली जाते, कारखान्यात ‘दहा केजी प्रेशर’ असे म्हटले जाते आणि डॉक्टर रक्तदाब १२० मिलिमीटर सांगतात. या सर्व आकड्यांत एक गोष्ट समान आहे. ते निर्वात स्थितीपासून नव्हे, तर सभोवतालच्या हवेच्या दाबापासून मोजलेले आहेत. यास गेज दाब म्हणतात. त्यात हवेचा दाब मिळविला म्हणजे निरपेक्ष दाब मिळतो. वायूंचे सर्व नियम निरपेक्ष दाबासाठीच सत्य आहेत. सेल्सिअस तापमान केल्विनमध्ये नेल्याशिवाय चार्ल्सचा नियम लावता येत नाही हे विद्यार्थ्याच्या मनावर बिंबविले जाते. दाबालाही असाच एक फसवा शून्य आहे, हे मात्र सांगावयाचे राहून जाते.

मुंबईत २७ अंशाला ३२ पौंड हवा भरलेले टायर प्रवासात ५७ अंशापर्यंत तापले आणि त्याचे घनफळ स्थिर राहिले असे समजू. ३२ ला केल्विन तापमानांच्या गुणोत्तराने गुणल्यास ३५.२ उत्तर येते आणि ते चुकीचे आहे. ३२ पौंड म्हणजे २२०.६ किलोपास्कल, त्यात हवेचे १०१.३ मिळविल्यास निरपेक्ष दाब ३२१.९, तापल्यावर ३५४.१, त्यातून हवेचा दाब वजा केल्यास २५२.८ किलोपास्कल, म्हणजे गेजवर ३६.७ पौंड. येथे एककांचे रूपांतर दोन्ही रीतींत निर्दोष असले तरी शून्य चुकल्याने उत्तर चुकते.

दाब फार मोठा असतो तेव्हा हा भेद नगण्य होतो. २०२१ मधील कोविडच्या दुसऱ्या लाटेत जे जम्बो ऑक्सिजन सिलिंडर घराघरांत परिचित झाले त्यांची पाण्याची धारणक्षमता सुमारे ४६.७ लिटर असते आणि ते सुमारे १५० केजी प्रति चौरस सेंटिमीटरपर्यंत भरले जातात. दीडशेत एक मिळविला काय, न मिळविला काय, उत्तर सुमारे सात घनमीटरच येते. येथे महत्त्व येते ते एककाला. गेजवर अनेकदा दोन मोजपट्ट्या शेजारीशेजारी छापलेल्या असतात. काटा ५०० वर आहे आणि ती मोजपट्टी पौंड प्रति चौरस इंचाची आहे, हे ओळखले तर दाब सुमारे ३५ केजी, शिल्लक ऑक्सिजन सुमारे १६४० लिटर आणि मिनिटाला १० लिटर प्रवाह असल्यास हाताशी पावणेतीन तास, हा हिशेब बॉइलचा नियम शिकलेला कोणीही करू शकतो. हा हिशेब करण्याची वेळ ज्यांच्यावर आली त्यांच्यापुढे उत्तर तपासून घेण्यास दुसरी संधी नव्हती.

याउलट दाब हवेपेक्षा कमी असेल तर शून्याचा प्रश्न निर्णायक होतो. न्यून दाबाखालील ऊर्ध्वपातनात निर्वात-गेजवर ६५० मिलिमीटर दिसत असता फ्लास्कमधील दाब किती? विद्यार्थी ७६० मधून ६५० वजा करून ११० मिलिमीटर सांगतो. पुण्यात हवेचा दाब ७११ मिलिमीटरच्या आसपास असतो, म्हणून खरे उत्तर ६१ मिलिमीटर. ११० मिलिमीटरला पाणी ५३.५ अंशाला उकळते, ६१ मिलिमीटरला ४२ अंशाला. पुण्यातील असा गेज ७६० पर्यंत कधीही पोहोचणार नाही. पंप कितीही उत्तम असला तरी तो ७११ च्या पुढे जात नाही आणि दोष मात्र पंपाला दिला जातो.

पठारावरील ‘एक ॲटमॉस्फिअर’

७११ हा आकडा कोठून आला? पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. प्रमाण वातावरणाच्या सूत्राने या उंचीवरील दाब सुमारे ९४८ हेक्टोपास्कल, म्हणजे ७११ मिलिमीटर किंवा ०.९३६ ॲटमॉस्फिअर येतो. ऋतूनुसार तो काही मिलिमीटरने वरखाली होतो, पण ७६० च्या जवळ कधीच जात नाही. नाशिक, कोल्हापूर, सातारा, छत्रपती संभाजीनगर ही शिक्षणकेंद्रेही सुमारे ५५० ते ७५० मीटर उंचीवर वसलेली आहेत. महाबळेश्वरी हा दाब सुमारे ८६० हेक्टोपास्कल, म्हणजे ६४५ मिलिमीटर भरतो. १९९९ च्या ओडिशा महाचक्रीवादळाच्या केंद्रात समुद्रसपाटीस ९१२ हेक्टोपास्कल दाब अंदाजिला गेला होता; महाबळेश्वरी शांत सकाळीही दाब त्याहून कमी असतो. पेरिएने १६४८ मध्ये जे दाखविले ते पश्चिम महाराष्ट्रातील घाट चढणारी प्रत्येक एस.टी. रोज दाखवीत असते.

असे असूनही पठारावरील प्रयोगवहीत ‘दाब = १ ॲटमॉस्फिअर’ असे लिहिले जाते. एककाच्या नावातच हवा आहे, त्यामुळे खोलीतील हवेचा दाब म्हणजे एक ॲटमॉस्फिअर असा समज होणे स्वाभाविक आहे. तापमापीवर उकळत्या पाण्याचे तापमान ९८ अंश दिसते आणि विद्यार्थी १०० लिहितो. तापमापी सदोष आहे अशी त्याची खात्री असते.

या गृहीतकाची किंमत पुढील नेहमीच्या प्रयोगात स्पष्ट दिसते. मॅग्नेशियमच्या फितीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची अभिक्रिया करून पाण्यावर जमविलेल्या हायड्रोजनवरून मोलर घनफळ काढावयाचे आहे. पुण्यातील प्रयोगशाळेत तापमान ३० अंश आणि मॅग्नेशियम ०.०४०० ग्रॅम असल्यास हायड्रोजन ०.००१६४६ मोल निघतो. या तापमानाला पाण्याचा बाष्पदाब ३१.८ मिलिमीटर असतो. कोरड्या हायड्रोजनचा दाब ७११ − ३१.८ = ६७९.२ मिलिमीटर आणि अपेक्षित घनफळ ४५.८ मिलिलिटर. एखाद्या विद्यार्थ्याने काळजीपूर्वक प्रयोग करून नेमके ४५.८ वाचन घेतले, असे समजू.

खरा दाब वापरून ० अंश व एक ॲटमॉस्फिअर या स्थितीस रूपांतर केल्यास मोलर घनफळ २२.४ लिटर मिळते. हवेचा दाब ७६० गृहीत धरून केवळ बाष्पदाब वजा केल्यास तेच वाचन २४.० लिटर देते. बाष्पदाबही विसरल्यास २५.१ लिटर. म्हणजे हातून एकही चूक न होता उत्तर सात ते बारा टक्क्यांनी चुकते. पुस्तकात २२.४ छापलेले असते, गुण उत्तराच्या जवळिकीवर असतात आणि विद्यार्थ्याला ते ठाऊक असते. मग तो ब्यूरेटचे वाचन ४५.८ ऐवजी ४१ लिहितो. अशा वहीला पूर्ण गुण मिळतात आणि खरे वाचन लिहिणाऱ्याचे कापले जातात. निरीक्षण उत्तराशी जुळवून घेण्याची जी सवय प्रयोगशाळांत बोकाळल्याची तक्रार सर्वत्र ऐकू येते, तिच्या मुळाशी विद्यार्थ्याची अप्रामाणिकताच असते असे नाही. काही वेळा फळ्यावर लिहिलेला ७६० हा आकडा असतो.

उपाय खर्चिक नाही. बहुतेक महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र विभागात फोर्टिनचा वायुदाबमापक भिंतीवर टांगलेला असतो आणि तो वर्षातून एकदा, प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी वाचला जातो. प्रयोगाच्या दिवशी त्याचे वाचन फळ्यावर तापमानाबरोबर लिहावे. ३० अंशाला पारा व पितळी मोजपट्टी या दोहोंच्या प्रसरणामुळे वाचन सुमारे ३.५ मिलिमीटरने अधिक दिसते, ते वजा करावे. पुण्याचे गुरुत्वत्वरण ९.७८ च्या आसपास असल्याने आणखी दीड मिलिमीटर वजा होतो. पदवीच्या प्रयोगास ही दुरुस्ती सोडून दिली तरी चालते. अनेक स्मार्टफोनांत दाबसंवेदक असून त्यांवरील हेक्टोपास्कलमधील वाचन ०.७५ ने गुणल्यास मिलिमीटर मिळतात आणि फोर्टिनशी पडताळताही येतात.

हवामानवृत्तातील दाब वापरताना मात्र सावध असावे. हवामान नकाशावरील दाब समुद्रसपाटीस आणलेला असतो, कारण तसे केल्याविना मुंबई आणि पुणे यांची तुलनाच शक्य होत नाही. पुण्यासाठी दिलेला आकडा १०१० हेक्टोपास्कलच्या आसपास असेल तर तो असा आणलेला दाब आहे असे ओळखावे. प्रयोगशाळेतील नळीच्या तोंडावर त्या क्षणी असलेला दाब त्याहून सुमारे ६० हेक्टोपास्कलने कमी असतो आणि समीकरणात भरावयाचा तो हाच.